क्रिएटिनिन 1.2, म्हणजे नॉर्मलच ना?

मी अकोल्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रिपोर्ट हातात पडला की बहुतेक लोक एवढंच बघतात, आकडा ठळक छापलाय का. नसला तर कागदाची घडी होते आणि पिशवीत जाते. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ, त्याच्या बाबतीत मला याची फार काळजी वाटते.

समजा, पंचवीस वर्षांच्या मुलाचं क्रिएटिनिन 1.2 आलं. त्यावरून त्याचा ईजीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्त गाळते याचा अंदाज, 86 च्या आसपास निघतो. तेच 1.2 साठीच्या बाईचं आलं, तर ईजीएफआर 52 च्या घरात! क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. बाईचे स्नायू कमी, त्यात वय झालेलं, म्हणून ते कमी तयार होतं आणि किडनी मंदावली तरी आकडा साधा दिसतो. ईजीएफआर तीन महिन्यांहून जास्त काळ 60 च्या खाली राहिला, तर तो किडनीचा जुनाट आजार धरतात. तोवर दुखत नाही, खुपत नाही. पायावर सूज यायला लागते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

परवाच खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जिथे जमिनीतलं पाणीच खारं आहे अशा भागातल्या, एका गावाहून एक काकू आल्या होत्या. शुगर, बीपी दोन्ही जुनं. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून खायची सवय. लघवीचीही तपासणी करून घ्या म्हटलं, तर म्हणाल्या, "रक्ताचा रिपोर्ट तं नॉर्मल हाये ना बाई? मंग कायले अजून पैसे घालता?" शेवटी त्यांनी दिलेल्या लघवीच्या नमुन्याच्या डबीत वरती फेस होता, झाकण उघडून ठेवलं तरी बसत नव्हता. फेस म्हणजे आजारच असं नाही, पण शुगरच्या पेशंटला तो दिसला की लघवीतून प्रथिनं जातायत का, हे बघायलाच हवं.

आमच्याकडे किडनीचा विषय निघाला की सगळे खाऱ्या पाण्याबद्दल बोलतात. गोडं पाणी त्या गावांना मिळायलाच हवं, त्यात दुमत नाही. पण पाण्यावर बोलताना शुगर आणि बीपी विसरून चालणार नाही. किडनी निकामी होण्याची ही दोन सर्वांत मोठी कारणं आहेत. शिवाय दुखण्यावरच्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मनाने खाल्ल्या तर त्यांचाही भार किडनीवरच.

मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक किडनी दिन असतो, तेव्हा शिबिरं होतात. तिथे जा, पण नुसतं क्रिएटिनिन करून परत येऊ नका. ईजीएफआर किती, ते विचारा. लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाणाची तपासणी मागा; अल्ब्युमिन हे एक प्रथिन. ते 30 च्या वर आलं तर घाबरू नका, पण सोडूही नका. ताप, जंतुसंसर्ग किंवा अंगमेहनतीनेही ते वाढतं, म्हणून तीन महिन्यांत पुन्हा करतात. शुगर-बीपीवाल्यांनी दोन्ही तपासण्या वर्षातून एकदा कराव्यात. आजार लवकर कळला तर त्याचा वेग कमी करणारी औषधं आज आहेत.

नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा द्या. पाळी चालू असेल तर थांबा. आणि जुने रिपोर्ट टाकू नका. मागचा आकडा शेजारी असला की डॉक्टरांना किडनीच्या कामातली घसरण लगेच दिसते.