जि. सांगली

१ ऑगस्टची पहाट होती. सांगली स्टँडवर मी कंट्रोलर आहे. रात्रपाळी संपायला अर्धा तास होता आणि बाहेर पावसाची भुरभुर. चौकशीच्या खिडकीतून एक चिठ्ठी आत आली. ‘मु. पो. वाटेगाव, ता. वाळवा, जि. सांगली.’ मागं एक म्हातारबाबा, खांद्याला पिशवी.

“साहेब, चालत किती लांब?”

“चालत? पन्नास किलोमीटरच्या वर आहे बाबा. आलात कुठनं?”

“घाटकोपर. चिरागनगर.”

मी खुर्चीवरनं उठलोच. अण्णाभाऊ साठे कैक वर्षं राहिले ते चिरागनगर, वाटेगाव त्यांचं जन्मगाव, आणि आज त्यांची जयंती.

बाबा महालक्ष्मी एक्स्प्रेसनं आले होते. चिठ्ठीवर जिल्हा सांगली, म्हणून तिकीट सांगलीचं काढलं. वाटेगावचा जिल्हा सांगली खरा, पण मुंबईकडनं येणाऱ्याला जवळ पडतं ते साताऱ्यातलं कऱ्हाड. रात्री हीच गाडी कऱ्हाडला थांबली तेव्हा बाबा झोपेत होते. तिकीट काढताना कुणी एवढं सांगितलं असतं तर अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हा हेलपाटा पडला नसता. मला फार लागलं ते.

“आता इस्लामपूरची, म्हणजे ईश्वरपूरची गाडी धरा. तिथं वाटेगावची बदला. ती चुकली तर हायवेवर कासेगावला उतरून वडापची जीप बघायची.”

“अण्णाभाऊ पोरवयात बापाबरोबर इथनं मुंबईला चालत गेले. मला दोन गाड्या बदलायला काय होतंय?”

पिशवीतनं त्यांनी अण्णाभाऊंचं ‘फकिरा’ काढलं. कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर, कोपरे तेलकट. बाबासाहेबांच्या लेखणीला पुस्तक अर्पण केलंय ते पान उघडलं. बोट ठेवून ठेवून तिथला कागद पातळ झाला होता. गिरणीत जेवणाच्या सुट्टीत ते हे मोठ्यानं वाचायचे, ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांच्यासाठी. लिहिणारा माणूस स्वतः दीड दिवस शाळेत गेलेला.

ड्यूटी सुटली तसा मीही त्याच गाडीत चढलो. कंडक्टरनं आधार कार्ड बघून शून्य रुपयाचं तिकीट फाडलं. बाबांनी ते घडी करून पुस्तकात ठेवलं. माझं घर आष्ट्याला. आष्टा आलं, पण उतरलो नाही.

ईश्वरपूरच्या स्टँडवर वाटेगावला निघालेली पोरं पिवळे झेंडे घेऊन उभी होती. पुस्तक बघून एकानं न विचारता बाबांची पिशवी घेतली, दुसऱ्यानं खिडकीची जागा दिली. गाडी हलायच्या आत मी चिठ्ठीच्या मागं परतीची वाट लिहिली : वाटेगाव, कासेगाव, कऱ्हाड, तिथनं रात्रीची रेल्वे.

तेव्हापासून फोनवर कुणी वाटेगाव विचारलं की मी आधी विचारतो, येणार कुठनं? पुण्या-मुंबईचा असला तर सांगलीचं तिकीट काढूच देत नाही.