पांढरी कावीळ माहेरची की सासरची

पोळ्याच्या आसपासची गोष्ट. आमच्या तालुक्याच्या लॅबमध्ये एक नवी नवरी आली, लग्न वैशाखात झालेलं, हातात हिरवा चुडा अन् डोळे पिवळेजर्द. सोबत नवरा, सासू, अन् निरोप मिळाल्यावर गावाहून निघून आलेला तिचा बाप. गळ्यात काविळीची माळ घालून झालेली होती, ती काय कुणाला चुकत नाही आमच्याकडं.

ट्यूब सेंट्रीफ्यूजमधून काढली तर सिरम, म्हणजे रक्ताच्या वर राहणारं पाणी, करडीच्या तेलासारखं. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, 1400 च्या वर. एचबीएसएजी, म्हणजे काविळीच्या बी व्हायरसच्या वरच्या आवरणाचं प्रथिन, त्याच्या कार्डवर थेंब टाकले तर दोन-तीन मिनिटांतच टेस्टची रेघ ठसठशीत उमटली, म्हणजे हिपॅटायटिस बी, लोकांच्या भाषेत पांढरी कावीळ. झालं, सासू बाकावरूनच सुरू. "माहेरूनच आणली बघा दादा ही, आम्हाला न सांगता गळ्यात बांधली." बाप बिचारा टोपी हातात घेऊन खाली बघायला लागला.

आता खरं सांगायचं तर कार्ड फक्त एवढंच सांगतं की व्हायरस अंगात आहे, कालचा की वीस वर्षांचा ते त्याला कळत नाही. फिजिशियन मॅडमनी म्हणून अँटी एचबीसी आयजीएम लिहिली, ती आमच्याकडं होत नाही, सॅम्पल पुण्याला जातं. कोअर अँटिजेन म्हणजे व्हायरसच्या आतल्या गाभ्याचं प्रथिन, त्याविरुद्ध आधी तयार होणारी अँटिबॉडी म्हणजे ही आयजीएम, ती नव्या इन्फेक्शनमध्ये जोरात असते अन् साधारण सहा महिन्यांत उतरते, टोटल कोअर अँटिबॉडी मात्र जन्मभर राहते. रिपोर्ट आला, आयजीएम चांगलीच हाय. तरी मॅडमनी लगेच शिक्का मारला नाही, कारण जुना आजार उसळला तरी आयजीएम थोडीफार पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यांनी घरच्यांचं रक्त मागवलं.

नवरा पॉझिटिव्ह, सासूपण पॉझिटिव्ह. दोघांची आयजीएम निगेटिव्ह, टोटल पॉझिटिव्ह, एसजीपीटी एकदम नॉर्मल, त्रास म्हणून कधी काहीच नाही, म्हणजे जुनं प्रकरण. बाळंतपणात आईकडून लेकराला लागलं की दहातल्या नऊ लेकरांत ते कायमचं मुक्कामाला राहतं, अन् नवरा जन्मला तेव्हा सरकारी लसीकरणात ही लस कुठं होती, देशभर ती आली 2011-12 च्या सुमारास. कुणाकडून कुणाला गेलं हे काही टेस्ट छापून देत नाही, पण वैशाख ते पोळा हिशोब कुणीही करावा, लागण झाल्यावर कावीळ दिसायला एक ते सहा महिने लागतात.

ज्याचा रिपोर्ट त्याच्याच हातात द्या म्हणून मॅडमची सक्त ताकीद, बोलणं त्यांनी दार लावून केलं. आत काय झालं माहीत नाही, बाहेर आल्यावर सासू गप्प होती एवढं पाहिलं. मला विचारलं तर माझ्या मते त्या बापापुढं एक शब्द तरी बोलायला हवा होता तिनं.

सहा महिन्यांनी पोरीची एचबीएसएजी निगेटिव्ह आली अन् अँटी एचबीएस, म्हणजे बचाव करणारी अँटिबॉडी, तयार झालेली, मोठ्या माणसांत बहुतेकांचं असंच साफ होतं. नवऱ्याचं व्हायरल लोड (रक्तात व्हायरस किती ते) अन् सोनोग्राफीचं फॉलोअप चालूच आहे.

त्यानंतर एक दिवस सासू एकटीच आली, मागं तिची लग्न झालेली लेक. "हिचंबी बघा दादा, पण हिच्या सासरी कळू देऊ नका." लेकीचं सगळंच निगेटिव्ह, अँटिबॉडीसुद्धा नाही. आज, महिन्यानं अन् सहा महिन्यांनी अशा लसीच्या तीन तारखा मॅडमनी चिठ्ठीवर लिहून दिल्या, सासूनं ती चिठ्ठी घडी करून स्वतःच्याच कनवटीला लावली.