रेंडरमध्ये उडणारं प्लगिन : १९ दिवसांच्या नोंदी

दिवस १

गाणं ४ मिनिटं १२ सेकंदांचं. वाजवून ऐकताना काहीही होत नाही. रेंडर (गाण्याची अंतिम ऑडिओ फाइल बनवणं) लावला की कधी फाइल नीट तयार होते, तर कधी मध्येच रीपरची, म्हणजे माझ्या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरची, खिडकी नाहीशी होते. एरर नाही, सूचना नाही, समोर थेट डेस्कटॉप. मोजून पाहिलं तर साधारण तीन रेंडरमागे एकदा असं होतंय.

प्रोजेक्टमध्ये ५७ प्लगिन (आवाजावर प्रक्रिया करणारे जोड-प्रोग्राम) आहेत आणि त्यातले बहुतेक बाहेरच्या कंपन्यांचे. आज फक्त ऑडिओ इंटरफेसचा ड्रायव्हर अपडेट केला, बफर (एका वेळी हाताळायच्या सॅम्पलचा, म्हणजे आवाजाच्या मोजलेल्या आकड्यांचा गठ्ठा) १२८ वरून १०२४ वर नेला आणि दोन प्लगिन काढून पुन्हा टाकले. फरक शून्य. बफरचा प्रयोग तर इथे गैरलागूच होता. पूर्ण वेगाने होणाऱ्या ऑफलाइन रेंडरला इंटरफेसची वाट पाहावीच लागत नाही. बफर वाढवल्याने तुटक आवाज थांबतो, कारण ४८ किलोहर्ट्‌झला १२८ सॅम्पल म्हणजे जेमतेम २.७ मिलिसेकंद, आणि तेवढ्यात सगळं गणित उरकायचं असतं. क्रॅशचं दुखणं वेगळं.

दिवस २

विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. क्रॅशच्या प्रत्येक नोंदीत ‘फॉल्टिंग मॉड्यूल नेम’ अशी ओळ असते आणि आपण सगळे आधी तीच बघतो. माझ्याकडे पाच नोंदी होत्या. चारांत विंडोजचीच एनटीडीएलएल फाइल, एकीत एका ईक्यू (खालचे-वरचे स्वर कमीजास्त करणाऱ्या) प्लगिनचं नाव. ईक्यू काढला, रेंडर लावला. तिसऱ्या फेरीत पुन्हा उडालं.

इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण या ओळीवर विसंबून चांगली प्लगिनं उगाच फेकली जातात. त्या चार नोंदींतल्या एरर कोडच्या शेवटी ३७४ होतं. हा कोड हीप, म्हणजे प्रोग्राम चालताना लागेल तशी मागून घेतली जाणारी मेमरी, बिघडल्याचा. म्हणजे कुणीतरी आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीत लिहून ठेवलं, तेव्हा काहीच झालं नाही, आणि नंतर दुसऱ्याच कुणीतरी मेमरी मागायला किंवा परत द्यायला गेल्यावर सगळं कोसळलं. नोंदीत नाव येतं ते कोसळताना तिथे हजर असलेल्याचं. खोड करणारा तोवर कधीच निघून गेलेला असतो. सगळी प्लगिनं एकाच प्रोसेसमध्ये (एकाच चालू प्रोग्राममध्ये), एकाच मेमरीत नांदतात, म्हणून हे शक्य होतं. कोडच्या शेवटी ००५ (नको त्या मेमरीला हात लावल्याचा कोड) असेल आणि दर वेळी एकाच प्लगिनचं नाव येत असेल, तर मात्र संशय घ्यायला जागा आहे.

दिवस ४

आज खरा धागा सापडला आणि तो अनपेक्षित जागी सापडला. क्रॅशनंतर डिस्कवर अर्धवट वेव्ह फाइल उरते. एरवी मी त्या उडवून टाकते. आज त्यांचे आकार पाहिले. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, स्टिरिओ म्हणजे सेकंदाला ४८,००० गुणिले ३ बाइट गुणिले २ चॅनल, एकूण २,८८,००० बाइट. पहिली फाइल ३ कोटी १७ लाख बाइटच्या आसपास, म्हणजे ११० सेकंद. दुसरी ४ कोटी ३५ लाख, म्हणजे १५१ सेकंद. तिसरी ५ कोटी ३९ लाख, १८७ सेकंद. थोडी माहिती लिहायची राहून गेलेली असू शकते, तेव्हा एखादा सेकंद इकडेतिकडे धरा.

१:५०, २:३१, ३:०७. तिन्ही वेगवेगळ्या जागा, पण १:४८ च्या आधीची एकही नाही. आणि १:४८ ला पहिला कोरस सुरू होतो.

मग कोरसमध्ये नवं काय येतं ते शोधायला लागले. दोन जास्तीचे आवाज, एक पॅड (मागे लांबवलेला सूर), रिव्हर्बच्या (घुमण्याच्या इफेक्टच्या) सेंडवर ऑटोमेशन, म्हणजे वेळेनुसार आपोआप बदलणारी सेटिंग, आणि मुख्य आवाजावरच्या सॅच्युरेशन (आवाजात हलकी विकृती मिसळणाऱ्या) प्लगिनच्या ओव्हरसॅम्पलिंगवर (आतलं गणित जास्त सॅम्पल रेटने करण्याच्या सेटिंगवर) ऑटोमेशन. हे शेवटचं मीच केलं होतं, कडव्यात २ पट आणि कोरसमध्ये ८ पट, तारस्वरातली करकर जावी म्हणून. मनात शंका आली, पण ती शंकाच. हे सॅच्युरेशन एकूण १२ ट्रॅकवर आहे, त्यामुळे थेट त्याच्यावर बोट ठेवायचं नाही असं ठरवलं.

दिवस ५

निम्म्या-निम्म्याने शोध. ५७ पैकी २९ प्लगिन ऑफलाइन केले आणि रेंडर लावला. उडालं तर दोष चालू असलेल्या २८ मध्ये, नाही तर या २९ मध्ये. असं करत सहा फेऱ्यांत एकावर येता येतं.

बायपास पुरत नाही, ऑफलाइनच करावं लागतं. रीपरमध्ये बायपास केलेलं प्लगिन मेमरीत बसूनच असतं, फक्त आवाज त्याच्यातून जात नाही. ऑफलाइन केलं की ते मेमरीतून उतरवलं जातं. प्रोजेक्ट उघडतानाच क्रॅश होत असेल, तर फाइल उघडायच्या खिडकीत सगळे एफएक्स (म्हणजे प्लगिन) ऑफलाइन ठेवून उघडायचा पर्याय आहे. तो मला बरीच वर्षं माहीतच नव्हता.

आणि ‘उडालं नाही’ याचा अर्थ नीट लावायला हवा. तीनातून एकदा उडणारं प्रकरण तीन रेंडर शांत गेले म्हणून निर्दोष ठरत नाही. दोन तृतीयांशाचा घन म्हणजे सुमारे ३० टक्के. इतक्या वेळा दोष हजर असूनही तीनही रेंडर सुखरूप पार पडतील. आठ रेंडर सलग शांत गेले तर ती शक्यता ४ टक्क्यांवर येते. म्हणून नियम केला की एकदा उडालं की लगेच पुढची फेरी, नाहीतर आठ पूर्ण करायचे. एक रेंडर ४० सेकंदांचा. संध्याकाळ गेली, पण सहाव्या फेरीअखेर एकच प्लगिन उरलं, मुख्य आवाजावरचं सॅच्युरेशन. बाकीच्या ११ ट्रॅकवर तेच प्लगिन आहे आणि तिथे ते गुण्यागोविंदाने नांदतंय.

दिवस ६

सगळी प्लगिनं पुन्हा चालू केली. फक्त या एकाला रीपरच्या ‘रन अॅज’ मेनूतून स्वतंत्र प्रोसेसमध्ये टाकलं. आता ते कोसळलं तर एकटंच कोसळेल. रेंडर लावला. चौथ्यांदा त्या प्लगिनची खिडकी रिकामी झाली, मुख्य आवाज बंद पडला आणि बाकीचं गाणं शेवटपर्यंत रेंडर झालं! इव्हेंट व्ह्यूअरमध्ये या वेळी रीपरचं नाव नव्हतं, त्याच्या मदतनीस प्रोसेसचं होतं. ईक्यूची मनातल्या मनात माफी मागितली आणि त्याला जागेवर बसवलं.

हा पर्याय सगळ्या प्लगिनांना सरसकट लावू नका. प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी आणि आवाज इकडून तिकडे नेण्याचा खर्च वेगळा. संशयितापुरता वापरला तर फार उपयोगी. बिटविग या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्लगिन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायची सोय आहे, आणि अॅपल सिलिकॉनवर (अॅपलच्या स्वतःच्या चिपवर) लॉजिक हे सॉफ्टवेअरही ऑडिओ युनिट (अॅपलच्या पद्धतीचे प्लगिन) स्वतःच्या प्रोसेसबाहेर चालवतं.

दिवस ९

नवा कोरा प्रोजेक्ट. एक ट्रॅक, एक आवाजाची क्लिप, एक प्लगिन. ओव्हरसॅम्पलिंग दर अर्ध्या सेकंदाला २ पट आणि ८ पट असं हलवत ठेवलं. पहिल्याच रेंडरला ११ व्या सेकंदाला उडालं. दुसऱ्यांदा ४ थ्या. ऑटोमेशन काढलं तर वीस रेंडर शांत.

माझ्या मते काम इथे संपलं. दुरुस्ती अजून व्हायची होती, पण दोष हुकमी घडवून आणता येणं हाच सगळ्यात अवघड टप्पा असतो. ‘कधी कधी क्रॅश होतं’ या वाक्यावर कुठलाही प्रोग्रामर काही करू शकत नाही.

कारणही दिसायला लागलं. ओव्हरसॅम्पलिंग बदललं की फिल्टर बदलतो, आणि त्याबरोबर प्लगिनची लेटन्सी (आवाजाला होणारा उशीर). एफएक्स खिडकीच्या तळाशी सॅम्पलचा आकडा असतो, तो माझ्या डोळ्यांदेखत बदलत होता. व्हीएसटी३ या प्लगिनच्या प्रकारात यासाठी ठरलेली रीत आहे. प्लगिनने यूआयच्या थ्रेडवरून (खिडकी सांभाळणाऱ्या कामाच्या धाग्यावरून) होस्टला, म्हणजे रीपरसारख्या सॉफ्टवेअरला, ‘लेटन्सी बदलली’ असं कळवायचं. मग होस्ट प्लगिनला निष्क्रिय करून पुन्हा सक्रिय करतो आणि नवा आकडा विचारून घेतो. मेमरीची नवी मांडणी त्या मधल्या वेळात करायची. माझा अंदाज असा की इथे ऑटोमेशनची किंमत आली की ऑडिओ चालू असतानाच प्लगिनचा आतला बफर (मेमरीचा तुकडा) नव्याने बांधला जातोय, आणि जुन्या बफरचा आकार गृहीत धरलेला कोड त्याच्यापुढे लिहीत सुटतोय.

पडताळणीसाठी ट्रॅक्शन कंपनीचं प्लगिनव्हॅल हे तपासणीचं साधन चालवलं. मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, आणि प्लगिनला १ ते १० अशा कडकपणाच्या पातळीवर तपासतं. ५ वर पास झालं. १० वर ऑटोमेशनच्या चाचणीत कोसळलं.

दिवस १०

निर्मात्यांना पत्र पाठवलं. त्यात प्लगिनची नेमकी आवृत्ती, व्हीएसटी३ असल्याचा उल्लेख, विंडोज आणि रीपरच्या आवृत्त्या, सॅम्पल रेट, तो छोटा प्रोजेक्ट, क्रॅश डंप (कोसळतानाच्या मेमरीची नोंद), प्लगिनव्हॅलचा लॉग आणि तीन ओळींत कृती. तक्रारीचा सूर ठेवला नाही. हे प्लगिन मला मनापासून आवडतं, तेही लिहिलं.

तोवरचा उपाय म्हणून मुख्य आवाज दोन ट्रॅकवर विभागला. एकावर कायम २ पट, दुसऱ्यावर कायम ८ पट. ऑटोमेशन गेलं, क्रॅश गेला. आवाजात फरक पडला नाही, उलट कोरसच्या तोंडाशी येणारी बारीक टिकटिक गेली. ती मी इतके दिवस श्वासाची समजत होते.

दिवस १३

दुसराच त्रास, थोडक्यात. गाणं संपून शांतता झाली की कॉन्व्होल्युशन रिव्हर्बचा सीपीयू चढत जातो. लक्षण डीनॉर्मलचं, म्हणजे अतिसूक्ष्म संख्यांचं. रिव्हर्बचं शेपूट विरत विरत संख्या १० च्या उणे ३८ व्या घाताच्याही खाली गेल्या की बऱ्याच प्रोसेसरना त्या हाताळायला कित्येक पट वेळ लागतो. होस्ट आपल्या ऑडिओ थ्रेडवर अशा संख्या सरळ शून्य धरायला सांगू शकतो, पण ती सूचना त्या थ्रेडपुरतीच लागू होते. प्लगिनने स्वतःचा वेगळा थ्रेड काढला असेल तर तिथे ती त्यालाच द्यावी लागते. रिव्हर्बच्या आधी ऐकू न येणारा, उणे १८० डेसिबलच्या आसपासचा नॉइज सोडला आणि सीपीयू जागेवर आला.

दिवस १९

उत्तर आलं, सोबत चाचणीची आवृत्ती. बफर ऑडिओ थ्रेडवर बदलला जात होता हे त्यांनी मान्य केलंय. आता ८ पटीसाठी लागणारी मेमरी सुरुवातीलाच घेऊन ठेवली जाते आणि लेटन्सी सगळ्यात मोठ्या फिल्टरइतकी स्थिर सांगितली जाते. छोटा प्रोजेक्ट ४० वेळा रेंडर केला, एकदाही उडाला नाही. प्लगिनव्हॅल १० वर पास.

जुनी व्हीएसटी३ फाइल स्कॅन होणाऱ्या फोल्डरच्या बाहेर हलवून ठेवली आहे. एकाच आयडीच्या दोन फाइल स्कॅनमध्ये आल्या तर कुठली उघडली तेच कळत नाही. उद्या मूळ ५७ प्लगिनांचा प्रोजेक्ट ऑटोमेशनसकट पुन्हा उघडून २४ रेंडर लावणार आहे. दोन ट्रॅकवर विभागलेला आवाज मात्र तसाच ठेवतेय, तो जास्त चांगला वाजतोय.