रोज किती मिळतो, अक्का?

शेतावर राबायचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, किती मिळते असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, कारण हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतोच. नणंद विचारते, शेजारच्या काकू विचारतात, आमच्या युनिफॉर्मच्या कारखान्यातले कटिंग मास्तर तर मुद्दाम सगळ्यांसमोर चहा पिताना विचारतात, की मॅडम, दर रविवारी त्या मोहोळकडच्या शेतावर राबायला जाता, पैसे देतात का? नाही देत. पेट्रोल माझं, भाकरी न् शेंगाचटणी माझी, आणि सोमवारी दुखते ती कंबर पण माझीच.

शेत सात एकर. जमीन एका मामांची, ते तिथंच राहतात, आणि आम्ही नऊ घरांनी मिळून कसायला घेतलीय. रासायनिक खत नाही, नांगर शक्यतो नाही, काडीकचरा जाळायचा नाही, तुरीत मूग आणि ज्वारीत करडई असं मिसळून पेरायचं, बांधावर गिरीपुष्प लावून त्याचा पाला रानात पसरायचा. याला हल्ली रिजनरेटिव्ह शेती म्हणतात, मामा 'तुमचं ते रिजन' म्हणतात.

आमच्याकडं शेताचं वर्ष जूनमध्ये सुरू होत नाही हे मला चाळीस वर्षं सोलापुरात राहून माहीत नव्हतं. जूनचा पाऊस तोंड दाखवून जातो, त्यावर मूग-उडीद आले तर आले, खरा भरवसा सप्टेंबरचा. तेव्हा रान ओलं झालं की ज्वारी पेरायची, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरकायचं, आणि त्यानंतर आभाळाकडून काही मिळेल अशी आशा धरायची नाही. आमची ज्वारीची जात मालदांडी, ती काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवरच येते. (मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ती हीच मालदांडी, त्याआधी आम्ही तिला नुसती ज्वारी म्हणून खात होतो.)

मी पहिल्या वर्षी यूट्यूब बघून गेले होते, जमीन हलवायची नाही, नो टिल, वगैरे. नोव्हेंबरात मामांनी कोळपं, म्हणजे ओळींमधली माती वरवर हलवायचं अवजार, काढलं तर मी चक्क भांडले. त्यांनी काही न बोलता एक काडी घेऊन भेगेत घातली, ती जवळजवळ माझ्या कोपराएवढी आत गेली, मग म्हणाले, हितनं ओल उडून चाललीय, हे भोक बुजवायचं का तुमचं पुस्तक वाचायचं? पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात एकदा, पाचव्यात एकदा, आणि आठव्यात दातेरी कोळपं, ते खास भेगा बुजवायलाच. कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं म्हणतात ते उगाच नाही. आता आम्ही मध्यममार्ग काढलाय, जिथं आच्छादन पुरतं तिथं कोळपं नाही, बाकी ठिकाणी आहेच. आणि आच्छादन पुरत नाही हो, कारण ज्वारीचा कडबा जनावरांच्या तोंडचा काढून मातीला घालायचा म्हटलं तर मामांची म्हैस आम्हाला शाप देईल.

बाकी कामं म्हणजे जीवामृत, मातीला घालायचं घरचं पातळ खत. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो बेसन, दोन किलो गूळ, बांधावरची मूठभर माती, आणि दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. गूळ ओतताना माझा अजून जीव तुटतो.

येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, मात्र शेतावर जत्रा. कडब्याची कोप (खोपी), त्यात पुजायचे दगडांचे पाच पांडव, भज्जी, उंडे, आंबील, आणि चाळीस माणसं. पुढं हुरड्याला त्याहून जास्त, आगटीभोवती सगळ्यांचे मोबाईल. कोळपणीला किती होतो? चार. पण मी कुणाला नावं ठेवू शकत नाही, कारण मेमध्ये ऊन डोक्यावर घेऊन बांध दुरुस्त करतात तेव्हा मी स्वतः गायब असते, शाळा उघडायच्या आधी आमच्याकडं युनिफॉर्मचा सीझन असतो आणि रविवारची पण सुट्टी नसते.

खरा विषय फेब्रुवारीतला आहे, काढणीचा. गावातल्या सहा-सात बायका रोजानं येतात, आमच्याकडं ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात, आणि ते काम बघायला सोपं वाटतं तेवढं सोपं नाही, माझे हात अर्ध्या तासात सोलले. त्यातली एक माझ्या शेजारच्या ओळीत होती, तिनं विचारलं, "अक्का, तुमाला रोज किती देत्यात?" म्हटलं, काही नाही, आम्ही असंच येतो. ती दोन-चार ताटं उपटेपर्यंत गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मग उद्या आमाला कशापायी बोलवत्याल?"

कटिंग मास्तरांना मी लगेच उत्तर देते, हिला देता आलं नाही. संध्याकाळी नऊ घरांची बैठक झाली, चांगलीच वाजली. एकजण म्हणाले आपण शिकायला येतो, त्यात काय चुकलं. मी म्हटलं तिच्या पोटावर शिकायचं का. शेवटी ठरलं ते असं, की काढणी, खुरपणी, कणसं मोडणं ही कामं रोजावरच, त्यात फुकटचे हात नकोत, आम्ही बी निवडायचं, जीवामृत ढवळायचं, पाला छाटायचा, चर खणायचे. खर्च वाढला, आमच्या घरांना ज्वारी बाजारापेक्षा महाग पडते, एका घरानं त्यावरून शेत सोडलं पण.

आणि आता दुसरंच त्रांगडं. आमच्या 'रिजन'प्रमाणे मुळं जमिनीतच राहिली पाहिजेत, म्हणजे उपटायचं नाही, विळ्यानं कापायचं. बायका म्हणाल्या धसकटं, म्हणजे कापून उरलेले खुंट, पायात घुसतात आणि वेळ जास्त जातो. बरोबर आहे त्यांचं. एका एकरात कापून बघतोय, त्याचा रोज जास्त देतो, आणि ती बाई नवऱ्याचे जुने बूट घालून येते. मला बघितलं की लांबूनच ओरडते, "अक्का, आज रोज किती पडला?"

यंदा म्हटलं, तुझ्या डब्यातली अर्धी भाकरी. तर म्हणाली, ती उसनी हाय.