मावशीच्या साड्यांचे रंग

मार्चचा दुसरा आठवडा होता. नागपूरचं ऊन अजून माणसात होतं, म्हणून दुसरीच्या अठ्ठावीस पोरांना घेऊन सेमिनरी हिल्सवर गेले. सोबत मदतनीस मावशी, पाण्याचा कॅन आणि सीताबर्डीतल्या रंगाच्या दुकानातून मागून आणलेली जुनी शेडकार्डं.

काम सोपं होतं. शेडकार्डाचे तुकडे कापून प्रत्येकाला तीन दिले होते. त्या रंगाची वस्तू शोधायची आणि पुठ्ठ्यावर चिकटवायची. झाडावरचं तोडायचं नाही, खाली पडलेलंच उचलायचं. या सगळ्याला कारणही होतं. आमच्या वर्गात झाड म्हणजे ब्राउन खोड आणि वर ग्रीन ढग. चाळीस मिनिटांत दोन खडू संपतात, बाकीचे दहा नवेकोरे.

पहिली तक्रार पाच मिनिटांत आली. "मॅडम, खोड ब्राउन नाहीच आहे!" एकीनं ब्राउनचा तुकडा चार झाडांना लावून पाहिला होता. राखाडी, काळपट, एकीकडे हिरवट बुरशी. ब्राउन कुठेच नाही. मी मनात टाळी वाजवली.

मग पिंपळाखाली भांडण. कोवळी पानं तांबूस होती. एक म्हणे रेड, दुसरा म्हणे ऑरेंज. कोवळ्या पानात लाल रंगद्रव्य आधी दिसतं, हिरवं नंतर भरतं, असं मी समजावू लागले, पण पोरांना नाव हवं होतं. ते माझ्याकडेही नव्हतं.

मावशी सावलीत बसून पाहत होत्या. "काहून भांडता बाप्पा? हा विटकरी आहे. अन् त्याच्या शेजारचा डाळिंबी."

शाळेत येण्याआधी मावशी आठ वर्षं इतवारीत साडीच्या दुकानात घड्या घालायच्या, हे मला त्या दिवशी कळलं. मग पोरं माझ्याकडे यायचीच थांबली. कडुनिंबाचं नवं पान पोपटी, दगडावरचं शेवाळी, वाळकी शेंग बदामी. मुरुमाचा खडा हातात घेऊन त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "हा अंजिरीकडे जातो." दुकानातल्या शेडकार्डावर इतकी अचूक नावं नव्हती.

निळा तुकडा मिळालेला मुलगा मात्र रडवेला झाला. रानात निळं मिळणं अवघड, हे मला आधी सुचायला हवं होतं. आकाश काही चिकटवता येत नाही. शेवटी त्याला बाटलीचं झाकण सापडलं. आम्ही ते मान्य केलं.

परतताना पळस दिसला. एकही पान नाही, नुसता पेटलेला. पडलेली फुलं डब्याच्या झाकणात दगडानं चेचली, पाणी घातलं. केशरी फूल, पण पाणी आलं पिवळसर. पोरं हिरमुसली. मावशींनी इकडेतिकडे पाहत कंबरेची चंची काढली, तंबाखूबरोबर असतो तो चुना बोटाच्या टोकावर घेतला आणि झाकणात ढवळला. पाणी एकदम गडद नारिंगी! चुना अल्कधर्मी, त्यानं पळसाचा रंग खुलतो. पोरांना हात लावू दिला नाही, काडीला कापूस गुंडाळून दिला. (चंचीचं मुख्याध्यापिकांना सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.)

सोमवारी पुठ्ठे भिंतीवर लावायला घेतले तर दोन दिवसांत सगळं वाळलेलं. पोपटी गेलं, पळस काळवंडला.

"मॅडम, सगळं ब्राउन झालं," मागच्या बाकावरून आवाज आला.

"ब्राउन नाही, कथ्थई."

"कथ्थई कुठून? मातकट आहे."

दोघंही पुठ्ठा घेऊन मावशींना शोधायला बाहेर पळाले.