तुम्ही विचारलंत म्हणून : ते संत्र्याचं झाड

मी हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो आणि जादूच्या प्रयोगांचं मला वेड आहे, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘द इल्युजनिस्ट’मधलं ते संत्र्याचं झाड खरंच तसं उगवून दाखवता येतं का हो?

सिनेमा २००६ सालचा, नील बर्गरचा. जुनं व्हिएन्ना, आयझेनहाइम नावाचा जादूगार आणि त्याच्या मागावर इन्स्पेक्टर ऊल. जादूगार कुंडीत बी टाकतो, डोळ्यांदेखत रोप वर येतं, त्याला संत्री लगडतात. मग दोन फुलपाखरं प्रेक्षकांतल्या बाईंचा रुमाल उचलून हवेत धरतात.

पडद्यावरचं झाड संगणकाने वाढवलेलं आहे, आणि ते जरा जास्तच गुळगुळीत वाढतं. पण असं झाड खरोखर होतं. रोबेर-उदँ हा फ्रेंच जादूगार, मूळचा घड्याळजी. १८४५ मध्ये त्याने पॅरिसच्या पाले रोयालमध्ये स्वतःचं नाट्यगृह थाटलं आणि तिथे हे झाड दाखवलं. ते यंत्राचं होतं. पानांच्या आड लपवलेली फळं हळूहळू उघडी पडत. त्यांत खरी संत्री मिसळलेली असत, ती तो प्रेक्षकांना वाटायचा. शेवटचं फळ उघडलं की फुलपाखरं रुमाल घेऊन वर यायची. हे नाट्यगृह नंतर दुसऱ्या जागी हललं, आणि १८८८ मध्ये ते जॉर्ज मेलिएसने विकत घेतलं, तोच तो सिनेमातल्या चमत्कारांचा आद्य कारागीर. संगणकाच्या त्या झाडाचं मूळ म्हणजे तसं घरातलंच.

सिनेमात पुढे आयझेनहाइम रंगमंचावर भुतंही आणतो. त्या भुतांचं मात्र मला अनुभवाने माहीत आहे. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये १८६२ च्या नाताळात प्रोफेसर पेपरने रंगमंचावर भूत आणलं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या इंजिनिअरची, पण नाव झालं पेपरचं. प्रेक्षक आणि नट यांच्यामध्ये तिरकी काच असते. खाली खड्ड्यात लपलेल्या नटावर झगझगीत उजेड टाकायचा, की त्याचं प्रतिबिंब रंगमंचावर उभं राहतं. गंमत म्हणजे भुताशी झुंजणाऱ्या नटाला भूत दिसतच नाही. तो नुसत्या खुणांवर तलवार चालवतो.

आम्ही एका एकांकिकेसाठी हाच प्रकार केला. काच विंगेच्या बाजूला तिरकी लावली. पडदा उघडला, भूत झकास उमटलं, आणि त्याच्या छातीवर दाराची हिरवी ‘बाहेर’ची पाटी चमकत होती. मधल्या खुर्च्यांना ती दिसत नव्हती, डावीकडच्या दोन रांगांना दिसली. लोक हसले. विंगेत उभा असलेला मी मात्र हसलो नाही. त्या दिवशी कळलं की या भुताला काचेइतकीच ठरलेल्या जागी ठेवलेली खुर्ची लागते.

इथून पुढे सिनेमाचा शेवट सांगतोय, पाहिला नसेल तर थांबा.

ऊल रंगमंचावर चढून आयझेनहाइमला पकडायला जातो आणि त्याचा हात आरपार जातो. काचेच्या भुताला हे जमणार नाही, कारण हात आधी काचेवर आपटेल. तिथे सिनेमाने सरळ लबाडी केली आहे, आणि मला ती खटकते. खरी हातचलाखी त्याच्या नंतर आहे. रेल्वे स्टेशनवर उभा राहून ऊल भराभर सगळं जुळवतो: आयझेनहाइमची प्रेयसी सोफी, जिचा खून झाला असं सगळे समजत होते, ती मेलीच नव्हती, दोघं मिळून पळाले. ते सगळं आपल्याला दिसतं, म्हणून आपण ते घडलं असं धरून चालतो. पण दिसतं ते ऊलच्या डोक्यातलं. त्याच्या हाती असतो फक्त त्या झाडाचा आराखडा, तोही एका पोराने आणून दिलेला. आपल्याला पहिल्यापासून त्याच्याच खुर्चीत बसवलेलं आहे.

आमच्या घरी यावरून वाद आहे. बायकोचं म्हणणं ठाम: सोफी मेली, आणि उरलेलं त्या बिचाऱ्या इन्स्पेक्टरने स्वतःची समजूत घालायला रचलं. मला ते पटत नाही. पण दर वेळी सिनेमा पाहून उठलो की थोडा तिच्या बाजूला सरकलेला असतो.