तोंडाची आग: पेन क्लिनिकची ट्रिप आणि जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी

आईच्या जिभेची आग काही केल्या कमी होईना म्हणून शेवटी दुसऱ्या शहरातल्या ओरोफेशियल पेनच्या, म्हणजे तोंडाच्या-चेहऱ्याच्या दुखण्याच्या क्लिनिकला जाऊन आलो. त्याआधी डेंटिस्ट झाले, ईएनटी झाले, स्किनवाले झाले, सगळ्यांनी तोंड बघितलं आणि जीभ तर स्वच्छ दिसतेय म्हणाले, माउथवॉश, बी-कॉम्प्लेक्स, फंगसचं औषध, सगळं घेऊन झालं आणि आग आपली तिथेच. ज्यांच्या घरी हेच चाललंय त्यांच्यासाठी लिहितेय.

पहिलं म्हणजे अपॉइंटमेंट दुपारनंतरची मागा. बर्निंग माउथमध्ये, म्हणजे तोंड वरून ठीक दिसत असतानाही आग होत राहते त्या आजारात, बऱ्याच जणांना सकाळी कमी वाटतं आणि दिवस चढेल तशी आग वाढत जाते, आईचं अगदी तसंच आहे. आणि आग चालू असतानाच जाणं का गरजेचं ते तिथे कळलं. डॉक्टरांनी लोकल अ‍ॅनेस्थेशिया देऊन जीभ बधिर केली आणि आग थांबते का ते बघितलं. थांबली तर बिघाड बहुतेक जिभेतल्याच बारीक नसांचा, तशीच राहिली किंवा वाढली तर तो वर मेंदूकडे असण्याची शक्यता जास्त, आणि त्यावरून औषध कुठलं ते ठरवायला मदत होते. त्यामुळे त्या दिवशी घरून बधिर करणारं जेल लावून जाऊ नका.

आईची आग बरीचशी थांबली. "म्हणजे हे माझ्या मनाचं नव्हतं ना गं," एवढंच म्हणाली ती, आणि मला रडू आवरेना. इतकी वर्षं तिला टेन्शन घेऊ नका म्हणून घरी पाठवत होते. २००५ मध्येच जिभेच्या बायोप्सीवर अभ्यास झालाय, त्यात या पेशंटच्या जिभेच्या वरच्या थरातल्या नसा कमी झालेल्या सापडल्या, ते नुसतं तोंड उघडून बघून दिसणार कसं?

औषध म्हणून क्लोनाझेपाम दिलंय, ही एरवी फिट्स आणि घबराटीवर देतात ती गोळी, पण गिळायचं नाही, गोळी चघळून लाळ जिथे आग होते तिथे तीन मिनिटं धरायची आणि थुंकायची. थुंकलं तरी थोडं पोटात, रक्तात जातंच, झोप येते, तोल जाऊ शकतो, सवयही लागते, म्हणून स्वतःच्या मनाने सुरू करू नका आणि अचानक बंद तर अजिबात नको. परत येताना सोबत कोणीतरी हवंच. अल्फा लिपोइक अ‍ॅसिड या सप्लिमेंटबद्दल मी विचारलं, अभ्यासांचे निकाल उलटसुलट आहेत म्हणाले. अमिट्रिप्टिलिन या नसांच्या दुखण्यावर देतात त्या डिप्रेशनच्या गोळीने तोंड आणखी कोरडं पडतं म्हणून आईला नको ठरलं. सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयींवर काम करणारी समुपदेशनाची थेरपी, सुचवलंय, ते ऐकून तिचा चेहरा पडला, पण नसांचं दुखणं खरं असतानाही त्याचा उपयोग होतो हे त्यांनी नीट समजावलं. आग पूर्ण जाईलच असं कोणी म्हणालं नाही, आत्ता संध्याकाळची तीव्रता कमी झालीय आणि ती फोनवर पुन्हा निवांत बोलते, आमच्यासाठी हे खूप आहे.

जाताना हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, फोलिक अ‍ॅसिड, झिंक, शुगर, थायरॉइडचे रिपोर्ट सोबत ठेवा, कारण यातलं काही बिघडलं असेल तर आधी ते दुरुस्त करतात. चालू गोळ्यांच्या स्ट्रिपच घेऊन जा, एनालाप्रिलसारख्या बीपीच्या काही गोळ्यांनीही तोंडाची आग होऊ शकते. कधी किती आग होते याची साधी नोंद करून न्या, डॉक्टरांनी ती सगळ्यात आधी मागितली.

प्रवासात एसीचा झोत तोंडावर येणार नाही अशी सीट बघा, पाण्याचे छोटे घोट घेत राहा, आणि टूथपेस्ट पुदिना-दालचिनी नसलेली, फेस न येणारी न्या. पेशंटला फार बोलायला लावू नका, बोलून आग वाढते, क्लिनिकमध्ये आधीची हिस्टरी तुम्ही सांगा. निघताना पुढची तपासणी व्हिडिओवर चालेल का ते विचारून घ्या, आमची चालतेय.